सहा सेकंदांत जागं होणारं मशीन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
ता. ११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. सौ. मंजूस,

अप्पाचे आशीर्वाद. उमाशंकररावांना शरणार्थ सांग. शिवानीच्या गालाला माझ्या वतीनं एकदा हात लाव. इकडे सगळं खुशाल आहे असं मी दरवेळी पहिल्या ओळीत लिहितो, ते या वेळी लिहीत नाही.

थंडी ओसरली. दारातल्या कढीपत्त्याला पालवी फुटली. समोरच्या कमलम्माच्या तुरी घरी आल्या, तिनं भरडलेली डाळ आणून दिली आणि वर ऐकवलं, "अण्णा, ही डाळ शिजवायची असती, नुसती डब्यात ठिवून बघायची नसती." तिची जीभ तशीच आहे.

तुझे सात फोन दिसले. मी उचलले नाहीत. मोबाईल बिघडलाय असं सगळ्यांना सांगून ठेवलंय, मोबाईल चांगला आहे. फोनवर मला खोटं बोलायला सोपं जातं, मंजू. कागदावर तेवढं जमत नाही. आपलंच अक्षर आपल्याकडे बघत बसतं.

गेल्या गुरुवारी तुला तुझ्या अव्वाच्या नावानं तीन मेल आले असतील. एकात शिवानीचा ताप उतरला का म्हणून विचारलंय. तो ताप सव्वा वर्षापूर्वीचा. तुला वाटलं असेल, कुणी चेष्टा करतंय. चेष्टा नाही. तिचेच आहेत. जुने आहेत. ते आत्ता का आले हे सांगायला बसलोय, पण सरळ तिथं जाता येईना. आधी मशीनचं सांगतो. मशीनचं बोलायला लागलो की माझी गाडी चालते, हे तुला ठाऊक आहे.

अव्वाचे आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. उजवा अंगठा तेवढा राहिला. तेव्हा मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानातलं जुनं कॉम्प्युटरचं मशीन घरी आणलं आणि तिच्या अंगठ्याखाली एक बटण दिलं. पडद्यावर अक्षरांच्या रांगा एकामागून एक पेटायच्या, हवं ते अक्षर आलं की तिनं दाबायचं. पहिल्या खणात मी अक्षर ठेवलं नव्हतं. तिथं होतं 'अहो'. ते दाबलं की घंटा वाजायची आणि मी असेन तिथून यायचो. हे सगळं तू पाहिलं आहेस.

तू पाहिलं नाहीस ते असं. एकदा लाईट गेली, इन्व्हर्टरही बसला. लाईट आली, तर मशीन दीड मिनिट स्वतःचंच आवरत बसलं. नेमका तेव्हा तिच्या घशात कफ अडकला. मी मोरीत तिची पातळं पिळत होतो. आत आलो तेव्हा ओठ निळे पडले होते. पडदा तेव्हा कुठं उजळत होता आणि तिचा अंगठा बटणावर दाबून धरलेला होता, ऐकायला मशीन जागं नसताना.

त्या दिवशी ठरवलं, हे दीड मिनिट घालवायचं.

मशीनच्या पोटात एक गाभा असतो, कर्नल म्हणतात त्याला. सगळं त्याच्याच हातून चालतं. तयार मिळतो तो गाभा म्हणजे वऱ्हाड किती येणार हे ठाऊक नसलेला आचारी. जगातली सगळी भांडी बरोबर घेऊन येतो. कुठलंही मशीन असो, त्याला चालायला हवं ना! सुरू झाला की नावं घेत फिरतो, अमका प्रिंटर आहे का, तमका कॅमेरा आहे का, आणि कुणी ओ देतंय का याची वाट बघतो. पण आपल्या मशीनमध्ये कोण कोण राहतं हे मला माहीत होतं. मी ते उघडून, ब्रशनं झाडून, एकेका चिपवरचा नंबर भिंगातून वहीत उतरवून घेतला होता. ज्याचं घर मोजून दोन माणसांचं, त्यानं हजार पानांची पंगत कशाला मांडायची?

तर गाभा आपला आपण रचून घेता येतो. रचण्याआधी तो प्रश्न विचारतो. हजारो. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. मी सातवी पास, रेडिओ आणि टीव्ही खोलून शिकलेला माणूस. डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचो. पाच महिने लागले. एक लक्षात ठेव मंजू, पुढं लागेल. ज्याला 'नाही' म्हणायचं ते मग आत येतच नाही. झोपलेलं नसतं, कोपऱ्यात पडलेलं नसतं, नसतंच. आपण विसरलो तरी मशीन त्याची आठवण देत नाही.

एकदा रचायला टाकलं की आख्खा दिवस जायचा. पंखा घुमायचा, खोली तापायची आणि अव्वा एकेक अक्षर वेचून विचारायची, "शिजलं का?"

नव्वदाचे चाळीस सेकंद झाले, चाळीसाचे वीस. प्रोसेसरसुद्धा सांगून टाकला, हाच आहे, दुसरा नाही, याच्याच चालीनं चाल. आठ झाले. शेवटी सहा. माझ्या हातघड्याळावर सहा सेकंद! लाईट येऊन सातवा सेकंद होतो न होतो तोच तिनं अक्षरं वेचायला घेतली आणि लिहिलं, "अहो, भात करपला."

मी एवढा हसलो की खरंच करपला.

इथं थांबतो. तिला कुशीवर वळवायची वेळ झाली.

ता. १२, बुधवार

काल लिहिलेलं सकाळी वाचलं. मशीनचं कौतुक तेवढं आहे त्यात. पुढं लिहितो.

अठ्ठावीस जानेवारीला दुपारी मशीन बंद पडलं. उघडलं तर बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगलेले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या टीव्हीतले फुगलेले कॅपॅसिटर काढले, त्याला घरातले दिसले नाहीत. बदलून बघितले. बोर्ड मेलेलाच.

गोलाईच्या बाजारामागे ज्ञानोबाचं भंगारातल्या कॉम्प्युटरचं दुकान आहे. तोच बोर्ड हवा म्हणालो. तो म्हणाला, "काका, ह्यो बोर्ड आता म्युझियममधी भेटल."

"मग म्युझियमचा पत्ता दे."

"आवो, दुसरा न्या की. सगळे सारखेच असतेत."

दुसरा आणला. डिस्क लावली, बटण दाबलं. चार ओळी आल्या आणि मशीन जागच्या जागी उभं राहिलं. माझ्या गाभ्याला नव्या बोर्डावर डिस्कपर्यंत जायची वाटच सापडेना. सापडणार कशी? बाकीच्या सगळ्या वाटांसमोर मीच 'नाही' लिहिलं होतं. हे काम करणारी सगळी माणसं एक तयार गाभा शेजारी जपून ठेवतात, असं काही झालं तर असावा म्हणून. मी तोही पुसून टाकला होता. जागा अडवतो म्हणून नाही. मला आता त्याची गरज नाही, हे स्वतःला दाखवायला.

मग सगळंच नव्यानं. दुसऱ्या डिस्कवर साधी, जगाला चालणारी सिस्टिम टाकली. तिच्या बटणाची वायर प्रिंटरच्या जुन्या खोबणीत जायची, नव्या बोर्डाला ती खोबणीच नव्हती. माऊस फोडून त्यातून बटण काढलं. एरवी हे दोन दिवसांचं काम. डोळ्याला दिसत नाही, हात कापतो, सोल्डरचा डाग दिला की शेजारच्या टाक्याला लागतो. नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत आम्ही डोळ्यांवर चालवलं. मी विचारायचं, तिनं वर बघितलं तर हो, डोळे मिटले तर नाही. पाणी? हो. पंखा? नाही. मला वाटलं, चाललंय की.

गुरुवारी मशीन तयार झालं. पलंगाजवळ नेलं. बटण अंगठ्याखाली ठेवलं. पहिला खण पेटला. अहो. विझला. फिरून पेटला. अहो. मी म्हणालो, "दाब ना गं." पुन्हा पेटला, पुन्हा विझला. ती दाबत होती, मंजू. कपाळावर दिसत होतं दाबतेय ते. अंगठा हलत नव्हता.

डॉक्टर येऊन गेले. हे व्हायचंच होतं म्हणाले, अंगठ्याचं मनाला लावून घेऊ नका, आता श्वासाकडे लक्ष द्या. कॅमेऱ्यावर डोळे ओळखणारंही लावून बघितलं. तिच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबतात, त्याला डोळा सापडत नाही. आता वर बघायलाही तिला वेळ लागतो. पुढच्या महिन्यात हो आणि नाही एवढंही राहील का, मला माहीत नाही. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं करून झालं. ते पुरेसं नव्हतं.

मी तिला विचारलं, "मंजूला बोलवू का?"

तिनं डोळे मिटले.

तिनं ते का मिटले ते मला ठाऊक आहे, आणि तेच मला कालपासून लिहिता येत नाहीये.

त्याच गुरुवारी, अंगठ्याचं कळल्यावर, मी तिचं लिखाण तरी नीट राहावं म्हणून जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या मशीनमध्ये घेतलं. इंटरनेटची वायर लावलेलीच होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा आला. पाठवायचे ३७. बघतोय तोवर ३६. मग ३५. साधा गाभा, कुणाला ओळखत नाही म्हणून सगळ्यांना हाक मारणारा, त्यानं इंटरनेटलाही हाक मारली आणि इंटरनेटनं ओ दिली. ३४ झाले आणि माझा हात वायरीवर गेला.

मी वायर ओढली, मंजू. एवढं होऊनसुद्धा ओढली.

आता ऐक. गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर तुम्ही गाडी घेऊन आलात. मागच्या सीटवर गादी अंथरून. अव्वानं तुला लिहिलं होतं, मला थोडे दिवस नांदेडला ने. मी दारातच उभा राहिलो. तू म्हणालीस, "अप्पा, तिनंच बोलावलंय." मी म्हणालो, "अंगठा चुकला असंल तिचा." तू म्हणालीस, "मी नर्स हाय अप्पा, रोज हेच करते." त्यावर मी जे बोललो ते तुझ्या कानात असेलच. "तुला वॉर्डातली माणसं कळतेत. ही मला कळते. हिला काय लागतं नि काय न्हाई, माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई." उमाशंकररावांनी गादीची गुंडाळी केली. दार उघडं होतं. आत ती सगळं ऐकत होती.

तू गेल्यावर त्याच आठवड्यात मी गाभा पुन्हा रचायला घेतला. तोवर मशीन आठ सेकंदांत जागं व्हायचं. मी स्वतःला सांगितलं, इंटरनेट शोधण्यात दोन सेकंद जातात, तिच्या जिवाचा प्रश्न आहे. खोटं नव्हतं, जात होते. इंटरनेटसमोर 'नाही' लिहिलं. आठाचे सहा झाले. काल ज्या सहा सेकंदांचं कौतुक तुला सांगितलं, ते हे.

तिच्या मेलचा छोटा प्रोग्राम मीच लिहिलेला. 'पाठव' दाबलं की टुण् वाजायचं. ते टुण् मेल गेल्याचं नव्हतं, रांगेत लागल्याचं होतं. तिला हे माहीत नव्हतं. मला होतं. एकेका ओळीला तिची सकाळ जायची, एक मेल व्हायला आठवडा, दीड आठवडा. मग टुण्. मी स्वयंपाकघरात असायचो, कधी मोरीत. सदतीस वेळा ऐकलं. एकदा तर भाकरी थापता थापता हात थांबला, आणि मग मी भाकरी पुढं थापली.

ती विचारायची, "मंजूचं आलं?" मी म्हणायचो, नाही. खरंच आलेलं नसायचं. तू फोनवर विचारायचीस, अव्वा लिहीत का न्हाई, रागावली का? मी म्हणायचो, थकते गं. आणि ती खरंच थकायची. दोघींशी खरं बोलून मी एवढं मोठं खोटं सव्वा वर्ष चालवलं.

आता तिला वाटतं, मुलीनं सदतीस पत्रांना उत्तर दिलं नाही. म्हणून डोळे मिटते.

उरलेल्या चौतिसातले तीन मी वाचले. वाचायला नको होते, तुझ्या नावाचे आहेत. तिसऱ्यानंतर पुढं वाचवलं नाही. त्यात तिनं लिहिलंय, जसंच्या तसं उतरवतो:

"तुझे अप्पा सगळं करतात. कंटाळत नाहीत. पण आंघोळीला त्यांचा हात लागला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी लाज जात नाही. मी डोळे मिटून घेते. म्हणून तुला ने म्हणाले होते. तू घालशील आंघोळ. त्यांना सांगू नको, वाईट वाटेल."

मला वाटायचं, साबण जातो डोळ्यांत. मी दोनदा साबण बदलला, मंजू.

ता. १३, गुरुवार

काल संध्याकाळी कमलम्माकडे गेलो. म्हणालो, उद्यापासून आमच्या नागम्माला तू न्हाऊ घालशील का? तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "एवढी वर्सं सांगितलं न्हाई! मी काय परकी हाय का अण्णा? तुम्हाला वाटलं, सगळं आपल्यालाच येतंय."

"वाटलं," म्हणालो.

आज सकाळी तिनं मला खोलीबाहेर घालवलं. दाराआडून पाण्याचा आवाज ऐकत बसलो. पाच वर्षांत पहिल्यांदा. कमलम्मा कानडीत काहीबाही बडबडत होती, कुणाच्या तरी सुनेच्या तक्रारी. बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "डोळं उघडं हुते बाईचे. टकामका बघत हुती." आणि गेली.

मी आत गेलो. तिचं इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तो हात आता रिकामा असला तरी उताणा राहत नाही, म्हणून खाली माझा तळहात असतो. पूजा झाली. हात तसाच राहू दिला आणि सांगितलं. सगळं. गादीचं, दोन सेकंदांचं, टुण्चं. मंजूनं उत्तर दिलं नाही असं नाही, तुझं तिच्याकडे गेलंच नाही, मी जाऊ दिलं नाही, असं सांगितलं. आंघोळीचं वाचलं हेही सांगितलं.

ती बघत राहिली. फार वेळ. मग तिनं डोळे मिटले.

सकाळी मिटले ते अजून मिटलेलेच आहेत. आता चार वाजले. श्वास चालू आहे, झोपलेली नाही, झोपेतला तिचा श्वास मला कळतो. कळतो असं वाटतं. आमच्यात मिटले म्हणजे नाही. पण मी तिला काही विचारलंच नव्हतं, मग हे नाही कशाला? की नुसतेच मिटलेत, मी समोर नको म्हणून? विचारता येत नाही. तिचं उत्तर द्यायचं जे एक साधन उरलंय, तेच तिनं बंद करून घेतलंय, आणि ते उघडायचं कसं हे कुठल्या पुस्तकात नाही.

मी बापाच्या तोऱ्यात तुला ये म्हणून सांगत नाही. तो हक्क मी दारात घालवला. पण तिच्या डोळ्यांत अजून हो आणि नाही आहे, आणि किती दिवस असेल ते डॉक्टरही सांगत नाहीत. तुला बोलवू का हे तिला पुन्हा विचारायला मी धजत नाही. तू येऊन विचार. मी आले तर चालेल का, असं तूच विचार.

हे पत्र आत्ता टपालात टाकायला कमलम्माकडे देतो. ते गेलं की घरात येऊन वायर लावणार आहे. म्हणजे तिचे मेल तुला आधी पोचतील, माझं मागून येईल. तसंच असू दे. मशीनचा पडदा तिच्यासमोर आणून ठेवलाय. डोळे उघडले तर चौतीसपासून खाली उतरणारा आकडा दिसेल. नाही उघडले तरी कान आहेत. या वेळी टुण् मेल खरंच गेल्यावर वाजेल, तसं प्रोग्राममध्ये बदलून घेतलंय.

आधी पाठवायचं, मग आलेलं आणायचं, हा क्रमही मीच घातला होता. तेव्हा तिचे संपले की तुझे उतरतील. सव्वा वर्षात तू किती लिहिलेस मला ठाऊक नाही. ते मी उघडणार नाही, तिला वाचूनही दाखवणार नाही. ते तुझ्या आवाजात राहू देत.

येशील तेव्हा दाराशी थांबू नको. मी दारात उभा नसेन, कढीपत्त्याजवळ बसलेला असेन. सरळ आत जा.

नांदेडची पहिली गाडी साडेदहाला स्टँडवर येते. उद्यापासून रोज त्या वेळेला पाणी तापवून ठेवतो.

तुझा,
अप्पा